विहिरीच्या गाण्याची परवानगी

माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो: सुमन खरात बाई. नेदरलँडला मला कंपनीने पाठवलं हे खरं, पण कंपनीपर्यंत बाईंनी पोचवलं. माझे आईवडील वीटभट्टीवर कामाला जायचे. हंगाम सुरू झाला की घराला कुलूप लागायचं आणि माझी शाळा सुटायची. मी सहावीत असताना बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. अनिल माझ्याकडे राहील." त्यानंतर दहावीपर्यंत प्रत्येक हंगामात मी त्यांच्या घरी राहिलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि परदेशी जाणाराही पहिलाच.

परतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या आणि समूहगीतं बसवायच्या. आजही बसवतात. त्यातलं एक गाणं आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, ते विहिरीचं. बाई डी.एड. करत होत्या तेव्हा जालन्याला नर्सिंग शिकणाऱ्या एका मैत्रिणीने त्यांना एक कॅसेट दिली होती. तिच्यात पेटी-तबला काही नसलेली, नुसत्या गळ्यांनी गायलेली अमेरिकेतली गाणी होती. एका गाण्यातले पाणी आणि विहीर एवढे दोनच इंग्रजी शब्द बाईंना कळले. तेवढ्यावरून त्यांनी चाल घेतली आणि शब्द स्वतः लिहिले:

खोल गं खोल, माये, खणत जा खोल,
दगडाच्या खाली गं पाण्याचे बोल.

कॅसेट मध्येच खराब होती. तिथे ऐकू येत नव्हतं म्हणून बाईंनी एक कडवं चालीसकट आपलं घातलं. स्नेहसंमेलनात निवेदन करणारा मुलगा दरवर्षी सांगायचा, "आता सादर होत आहे एक पारंपरिक गीत." आमच्याकडे ज्या गाण्याचा कवी माहीत नसतो, किंवा सांगायचा नसतो, ते पारंपरिक.

यंदा बाईंच्या मुलींची राज्यस्तरीय समूहगान स्पर्धेसाठी निवड झाली. तिथे संगीतकाराचं नाव लागतं. बाईंनी मला शोधायला सांगितलं. बरीच शोधाशोध केल्यावर नाव मिळालं: लेम्युएल प्रुइट. अमेरिकेतल्या अलाबामाचे, कृष्णवर्णीय, गायकवृंदांसाठी रचना करणारे, वय ऐंशीच्या पुढे. मला आश्चर्य याचं वाटलं की ते हयात होते. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे मी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी ज्या पंधरवड्यात आइंडहोवनला असणार होतो, त्यातच ते जवळच्या टिलबर्गमध्ये एका गायकवृंदाला शिकवायला येणार होते.

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग विचारलं पाहिजे. इतकी वर्षं न विचारता गातोय. भेट, गाऊन दाखव आणि विचार. नाही म्हणाले तर पोरींना दुसरं गाणं देईन, आणि हे आपल्या शाळेत पुन्हा होणार नाही."

बाई बोलतात तसं करतात. त्यामुळे मी ते काम सामानाबरोबर घेऊन निघालो.

आइंडहोवन

निघण्याआधी तिकडच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी टिलबर्गच्या त्या गायकवृंदाची चौकशी केली होती. उत्तर आलं, "मी त्यातच गाते. हॉटेल कशाला, आमच्याकडेच उतरा." केतकी जोगळेकर. मूळच्या पुण्याच्या, टिलबर्गच्या एका मालवाहतूक कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतात. त्यांचे पती हर्षद आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात आहेत. ओळख ना पाळख, तरी माझ्यासाठी त्यांनी वरची खोली रिकामी केली. तिथला जिना इतका उभा आहे की आमच्याकडे त्याला शिडी म्हणतील. पहिल्या दिवशी मी तो बसून उतरलो.

हर्षदनी मला त्यांची जुनी सायकल दिली. तिच्या हँडलला ब्रेकच नव्हता. मी विचारायच्या आत ते पुढे निघूनही गेले. पहिल्या सिग्नलला मी दोन्ही हातांनी हवा आवळली आणि एका आजींच्या सायकलच्या पिशवीला जाऊन धडकलो. आजींनी शांतपणे मला पायडल उलटं फिरवून दाखवलं. ब्रेक पायात असतो. कांद्याच्या दोन पाती पडल्या होत्या त्या त्यांनी उचलल्या, "गुड डे" म्हणाल्या आणि गेल्या. आमच्याकडे एवढ्यावरून चार माणसं जमली असती आणि त्यातल्या दोघांनी मी कुठल्या गावचा ते विचारलं असतं.

तिथे दुपारचं जेवण म्हणजे पाव. माझं प्रशिक्षण होतं त्या कारखान्यातले मोठमोठे इंजिनियर पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरतात आणि गंभीर चेहऱ्याने खातात. त्याबरोबर चक्क ताक पितात. ताक दिसल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं, पण त्यात मीठही नाही आणि जिरंही नाही. संध्याकाळी केतकीताईंनी तिकडचं वाटाण्याचं सूप केलं होतं. ते इतकं दाट होतं की चमचा उभा राहिला. हर्षद म्हणाले, "याला आमटी समजून भातावर घ्या, मग जमतं." जमलं.

जेवताना मी माझं काम सांगितलं. केतकीताईंचा चेहरा जरा पडला. "अनिल, ते फार स्ट्रिक्ट आहेत," त्या म्हणाल्या. मागे एका मोठ्या गायकवृंदाने त्यांच्या गाण्याचे शब्द न विचारता बदलले होते, तर त्यांनी ते गाणंच गाऊ दिलं नव्हतं. "आणि तुमच्या बाईंनी तर सगळेच शब्द बदललेत."

"आणि एक कडवं वाढवलंय," मी म्हणालो.

हर्षद म्हणाले, "आधी सूप घ्या अजून."

टिलबर्ग

शनिवारी आम्ही आगगाडीने टिलबर्गला गेलो. वाटेत सगळं सपाट. जमीन जणू रंध्याने घासून काढलेली. सरळ रेषेत पॉपलरची झाडं, सरळ रेषेत कालवे, आणि रेषा न पाळणाऱ्या फक्त गाई. पूर्वी टिलबर्ग लोकरीच्या गिरण्यांचं गाव होतं. तालमीची जागा तशाच एका जुन्या गिरणीत होती.

चाळीस-एक माणसं जमली होती. बँकेतले, शाळेतले, एक दंतवैद्य, बरेच निवृत्त. प्रत्येकाच्या हातात स्वरलिपीचे कागद. कॉफी झाली. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक घेतलं आणि डब्याचं झाकण लागलं. मग प्रुइट आले. उंच, किंचित वाकलेले, काळा सूट, टाय. गायकवृंदाचे प्रमुख योस्ट नावाचे आनंदी गृहस्थ होते. ते म्हणाले, "आपल्या लेमचं स्वागत करू या." तिकडे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. कारखान्यात मीही साहेबांना नुसतं पीटर म्हणायला शिकलो होतो, म्हणजे म्हणायच्या आधी एकदा आवंढा गिळून.

प्रुइट हसले आणि म्हणाले, "डॉक्टर प्रुइट म्हणा. माझे वडील रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. साठ वर्षांचे झाले तरी वीस वर्षांची गोरी पोरं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. म्हणून आमच्या घरात हे असं आहे. राग मानू नका."

योस्ट लाल झाले, मग म्हणाले, "डॉक्टर प्रुइट." कुणी राग मानला नाही. माझे आजोबा मला आठवले. गावात त्यांना शेंबडं पोरही एकेरीत बोलवायचं, आणि ते 'जी' म्हणून उठायचे.

मग त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांचे कागद खुर्चीखाली ठेवायला लावले. केतकीताई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "मेले." ती माणसं कागदाशिवाय तोंड उघडत नाहीत. प्रुइट एक ओळ गायचे आणि सगळ्यांनी ती परत म्हणायची. त्यांच्या लहानपणीच्या चर्चमध्ये पुस्तकं नव्हती, असली तरी बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. एक जण ओळ सांगायचा, बाकीचे उचलायचे. ते सांगत होते तेव्हा मला आमची शाळा दिसत होती. खरात बाई अशाच शिकवायच्या. स्वरलिपी मला आजही वाचता येत नाही.

पण टाळीला मीही चुकलो. त्यांनी गाताना टाळी द्यायला सांगितलं. मी आपसूक समेवर दिली, म्हणजे चारातल्या पहिल्या मात्रेवर. सगळ्या डच मंडळींनीही तिथेच दिली. प्रुइटांनी हात वर करून थांबवलं. "तुम्ही सगळे कुठे कूच करताय?" टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी, पहिली रिकामी सोडायची. पहिल्यावर पाय, दुसऱ्यावर हात. दंतवैद्यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. ते पाय आपटायचं थांबवून नुसती मान हलवू लागले, तर मान समेवर.

दुपारी सगळे पाव खायला बसले तेव्हा प्रुइट आपल्याबद्दल बोलले. त्यांची आई एका शाळेत स्वयंपाक करायची. घरात पियानो नव्हता. कृष्णवर्णीयांसाठीच्या एका कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि ते घराण्यातले पहिले पदवीधर झाले. मग आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रचना केल्या. मुख्यतः वाद्यांशिवायच्या, चार आवाजांच्या. कुणी तरी विचारलं, वाद्यं का नाहीत? ते म्हणाले, "माझ्या शाळेत चाळीस मुलं होती आणि वाद्य एकही नव्हतं. पुढे वाद्यं आली, पण तोवर सवय झाली होती."

विहिरीचं गाणं त्यांनी आपल्या आजीवर केलं होतं. गावातल्या पंपावर त्यांच्या वस्तीला पाणी भरू देत नसत. आजीने दोन दिरांना घेऊन घरामागे विहीर खणली. एवढंच ते गाणं.

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. बाईंना त्यातलं पाणी आणि विहीर एवढंच कळलं होतं. पण बाई आमच्याच गावाबाहेरच्या वस्तीतल्या; त्या वस्तीची वेगळी विहीर कुठे आहे आणि का आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गिरणीतलं स्वयंपाकघर

तालीम संपल्यावर केतकीताईंनी मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. ते कपबश्या ठेवायच्या छोट्या स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. माझ्या तोंडून 'सर' निघालं. ते म्हणाले, "बसा, मिस्टर मस्के." मला त्याआधी मिस्टर मस्के असं फक्त विमानतळावर म्हटलं गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. कॅसेट, शाळा, मुली, स्पर्धा. इंग्रजी अडलं तिथे केतकीताईंनी पुढे नेलं. प्रुइट "गा," एवढंच म्हणाले.

मी उभा राहिलो आणि गायलो. टाळी समेवर दिली, कारण बाईंनी तशीच शिकवली आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. बाईंचं कडवं आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. संपल्यावर म्हणाले, "ते मधलं पुन्हा." मी पुन्हा गायलो.

"हे माझं नाही. कुणाचं आहे?"

इतक्या वर्षांच्या सवयीने मी म्हणालो, "पारंपरिक आहे, सर." केतकीताईंनी तसंच इंग्रजीत सांगितलं.

प्रुइटांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "माझी आजी जी गाणी गायची ती पुस्तकात छापली गेली. खाली लिहिलं होतं, पारंपरिक. छापणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं. मिस्टर मस्के, झाडाला गाणी लागत नाहीत. कुणी तरी बसून ते करतं. तुमच्याकडे माझ्या गाण्यालाही हेच म्हणतात?"

मी हो म्हणालो. खोटं बोलून काय मिळणार होतं.

"आणि हे मधलं?"

"ते आमच्या बाईंचं आहे. शब्दही सगळे त्यांचेच."

"मग त्या सांगत का नाहीत?"

हे केतकीताईंपुढे सांगणं मला जड गेलं, पण सांगितलं. खूप पूर्वी बाईंची एक कविता तालुक्याच्या साप्ताहिकात आली होती. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक गुरुजी म्हणाले, "वस्तीला नळ नाही आणि बाईंना काव्य सुचतंय." सगळे हसले. त्यानंतर बाईंनी जे जे लिहिलं ते पारंपरिक म्हणून गाऊन घेतलं. त्या म्हणायच्या, नाव नसलं की गाणं बिनबोभाट पोचतं.

केतकीताईंनी ते भाषांतर करताना एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं आणि मग पूर्ण केलं.

प्रुइट म्हणाले, "उद्या डेल्फ्टला कार्यक्रम आहे. तिथे सांगतो."

परतीच्या गाडीत आइंडहोवन जवळ आल्यावर केतकीताई म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पण असंच म्हणायचे, पारंपरिक. मी कधी विचारच केला नाही." मी म्हणालो, मीही नव्हता केला.

डेल्फ्ट

रविवारी मी एकटाच आधी निघालो, कारण केतकीताईंना गायकवृंदाच्या बसने जायचं होतं. चुकीच्या डब्यात बसलो. मध्येच एका स्टेशनावर गाडीचे दोन भाग झाले आणि माझा भाग भलतीकडे गेला. तशी सूचना डचमध्ये दिली होती म्हणे. एका प्रवासी बाईंनी मला पुढच्या स्टेशनावर उतरवून योग्य फलाटावर उभं केलं आणि तिथून हलू नका अशी खूण केली. मी हललो नाही.

डेल्फ्ट म्हणजे कालवे, त्यावर छोटे पूल, आणि पुलांच्या कठड्यांना बांधलेल्या सायकली. एका चर्चचा मनोरा चांगलाच कललेला आहे. मी त्याच्याखालून जरा भरभर चाललो. तंत्रज्ञान विद्यापीठातली आपली मुलं जागोजागी दिसतात. एका चौकात दोघं मराठीत भांडत होते, भांडी घासायची पाळी कुणाची यावरून. ऐकून बरं वाटलं.

कार्यक्रम एका लहान चर्चमध्ये होता. निवेदन करणाऱ्या बाईंनी प्रत्येक गाण्याआधी शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, हे घाई न करता सांगितलं. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. विहिरीचं गाणं शेवटून दुसरं होतं. चार आवाज एकामागून एक खाली उतरत गेले, सर्वात खालचा आवाज तर दगडापर्यंत. जिथे आमची कॅसेट खराब होती तिथे खरं काय आहे ते मला तेव्हा कळलं. तिथे ते काहीच गात नाहीत. सगळे थांबतात, आणि एकच बाई गुणगुणते, शब्दांशिवाय.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. प्रुइट छत्रीखाली उभे होते. त्यांनी मला जवळ बोलावून उत्तर सांगितलं आणि योस्टनाही ऐकायला उभं केलं, म्हणजे नंतर कुणी शंका घेऊ नये. मग बाईंचं पूर्ण नाव विचारलं. 'ख' त्यांना जमेना. पाचसात वेळा म्हणून पाहिलं. जमल्यावर सोडलं.

त्याच संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं आणि त्याचा फोटो काढून पाठवला. फोन केला असता तर त्यांनी ऐकता ऐकताच नाही म्हटलं असतं. पत्र निदान पुरं वाचावं लागतं. परत आल्यावर मी गावी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पुढ्यात भाकरी ठेवली, "वाचलं" म्हणाल्या, आणि त्याबद्दल पुढे बोलल्या नाहीत. स्पर्धा अजून व्हायची आहे. पत्र असं होतं:

आदरणीय बाईंना,
अनिलचा सा. नमस्कार.

मी प्रुइट सरांना भेटलो आणि गाणं गाऊन दाखवलं. चाल कुठे चुकली नाही.

त्यांनी परवानगी दिली आहे. शब्द मराठीच ठेवा म्हणाले. टाळीसुद्धा तुमच्या जागेवर राहू द्या म्हणाले, त्यांच्या आजीची विहीर आणि तुमची विहीर एकच नाही म्हणून. मधलं कडवं त्यांनी दोनदा ऐकलं. त्या जागी त्यांच्या गाण्यात एक बाई नुसती गुणगुणते. ते म्हणाले, ती काय म्हणत असेल ते मला सुचलं नव्हतं, तुमच्या शिक्षिकेला सुचलं.

पण एक अट आहे, आणि ती ते सोडणार नाहीत. गाण्याआधी पारंपरिक म्हणायचं नाही. संगीत लेम्युएल प्रुइट, शब्द आणि मधल्या कडव्याची चाल सुमन खरात, असं स्टेजवरून सांगायचं. दोन्ही नावं, नाहीतर गाणं नाही. मी विचारलं, फक्त सरांचंच नाव सांगितलं तर चालेल का? ते म्हणाले, तसं केलं तर माझ्या आजीची गाणी आपल्या नावाने छापणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला.

बाई, ते गुरुजी काय म्हणाले होते ते मी त्यांना सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, रागावू नका. तुम्ही नाही म्हणालात तर मुलींना दुसरं गाणं द्याल, हे मला माहीत आहे. त्यांची तयारी या गाण्याची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी आग्रह करत नाही. लहानपणापासून तुमच्यापुढे कधी केला नाही.

होकार असला तर निवेदन कोणती मुलगी करणार तेवढं कळवा. तिला फोनवर मी नावं शिकवीन. त्यांचं तिला अवघड जाईल. तुमचंही शिकवावं लागेल, कारण शाळेत तुम्हाला सगळे नुसतं बाई म्हणतात.

आपला विद्यार्थी,
अनिल मस्के